पाळक, शास्त्री आणि एक मुलगा (प्रस्तावना)

सहा जानेवारीला आमच्या देवगड तालुक्यात बाळशास्त्री जांभेकरांची आठवण निघाली नाही असे होत नाही. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे. १८३२ साली त्या तारखेला त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले. म्हणून महाराष्ट्रभर तो पत्रकार दिन. आमच्याकडे मात्र त्याला घरच्या कार्याची कळा असते. पोंभुर्ल्याला पाहुणे येतात, शाळाशाळांतून भाषणे होतात आणि माझ्यासारख्या निवृत्त इतिहास शिक्षकाला दरवर्षी कुठून तरी बोलावणे येते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेत मी श्रीपत शेषाद्रीची गोष्ट सांगितली. १८४३ साल. बारा वर्षांचा ब्राह्मण मुलगा मुंबईत रॉबर्ट नेस्बिट नावाच्या स्कॉटिश पाळकाच्या घरी राहिला. बापाने कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. परक्यांकडे जेवलेल्या त्या पोराला जातीत परत घेता येते, असे ठामपणे सांगायला आपले बाळशास्त्री पुढे झाले. कर्मठांचे शिव्याशाप त्यांनी सोसले. सांगून झाले, टाळ्या पडल्या. मग नववीतली एक मुलगी उठली. प्रश्न प्रमाण भाषेत जुळवायला तिला उसंत नसावी. ती म्हणाली, “सर, त्या पोराक कोणी इचारल्यान काय?”

मुले हसली. बक्षीस समारंभाला उशीर होत होता. “चांगला प्रश्न आहे, बस खाली,” असे म्हणून मी वेळ मारून नेली.

हे पुस्तक त्या ‘बस खाली’ची भरपाई आहे. मला बाळशास्त्रींवर लिहायचे होते. लिहिता लिहिता समोरच्या बाजूचा माणूसच मोठा होत गेला. ज्याच्या घरी तो मुलगा राहिला तो नेस्बिट कोण? कुठून आला, विद्यार्थ्यांसाठी त्याने आयुष्य का झिजवले, आणि मुले त्याच्याकडे का ओढली जात? आमच्या गोष्टीत तो नुसता ‘मिशनरी’ असतो, नाटकातल्या शिपायासारखा, नाव नसलेला. त्याला नाव मिळाल्याशिवाय आमच्या शास्त्र्यांचे मोठेपणही पुरते कळत नाही, असे मला वाटू लागले.

मी ख्रिस्ती नाही. हे आधीच सांगतो, कारण असे पुस्तक हाती घेतल्यावर वाचक पहिल्यांदा लेखकाचे आडनाव पाहतो.

*

नेस्बिट यांचा जन्म १८०३ सालचा, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेजवळचा. शिक्षण सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठात. हे गाव समुद्राकाठचे. तिथे १८२३ मध्ये थॉमस चामर्स हा त्या काळचा नामांकित धर्मोपदेशक नीतिशास्त्राचा प्राध्यापक होऊन आला आणि त्याच्याभोवती सहा विद्यार्थ्यांचा एक जथा जमला. सहाही जणांनी परदेशी जाऊन धर्मकार्य करायचे ठरवले. त्यांतला जॉन अर्क्हर्ट शिकता शिकताच वारला. उरलेले पाचही हिंदुस्थानात आले. कलकत्त्यात इंग्रजी शिक्षणाची मोठी संस्था उभी करणारा अलेक्झांडर डफ त्यांतलाच. पण डफच्या आधी, १८२७ मध्ये, नेस्बिट मुंबईच्या बंदरात उतरले होते.

म्हणजे नेस्बिट यांची वाट विद्यार्थी असतानाच ठरली होती. कोणी बिशपने धाडले म्हणून ते आले नव्हते. एका प्राध्यापकाच्या घरच्या बैठकांतून, मित्रांच्या वादविवादांतून त्यांचा निश्चय घडला होता. विद्यार्थ्याचे मन वळते ते दुसऱ्या विद्यार्थ्याच्या संगतीत, हा त्यांचा अनुभव. पुढे मुंबईत तोच त्यांचा मार्ग झाला.

इथे प्रेस्बिटेरियन या शब्दाचा उलगडा करायला हवा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वडील’. या पंथात बिशप नाही. मंडळी आपले वडील निवडते आणि वडील व पाळक एकत्र बसून कारभार पाहतात. पाळकाचे मुख्य काम शास्त्र समजावणे. त्यामुळे पाळक शिकलेला हवा आणि ऐकणाराही वाचता येणारा हवा. स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा १५६० ची. तेव्हापासून प्रत्येक मंडळीमागे एक शाळा असावी असा त्यांचा आग्रह होता आणि १६९६ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. गावोगावचे पाळक घरोघर जाऊन मुलांना धर्माची प्रश्नोत्तरे विचारत. तिथे पाळक आणि मास्तर ही दोन माणसे असली तरी त्यांची कामे एकमेकांत गुंतलेली होती. आमच्याकडे जुन्या काळी वेदपाठ आणि पंतोजीची शाळा यांच्यात जे अंतर होते, ते तिकडे नव्हते. म्हणूनच स्कॉटिश मिशनऱ्यांनी किनाऱ्यावर पाय ठेवला की आधी शाळा निघे.

त्या शाळा पहिल्यांदा निघाल्या त्या आमच्याच कोकणात. १८१८ मध्ये पेशवाई संपली, त्याच साली देवगडचा किल्लाही इंग्रजांकडे गेला. बाणकोट तर त्यांच्याकडे १७५६ पासूनच होते. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस, डोनाल्ड मिचेल, बाणकोटला आला आणि त्याच वर्षी मरण पावला. मागाहून जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन आले. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची ठाणी झाली. नेस्बिट हर्णैला राहिले. पुढे मुंबईत ज्यांच्या नावाचे कॉलेज झाले ते जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, तेव्हा त्यांनीही मराठीची धुळाक्षरे हर्णै-बाणकोट भागातच गिरवली. पश्चिम हिंदुस्थानातल्या इंग्रजी शिक्षणाच्या एका मोठ्या प्रवाहाचा उगम असा सावित्री नदीच्या मुखापाशी आहे. आम्ही कोकणी माणसे मुंबईकडे पाहण्यात इतकी गढलेली असतो की मुंबईही कधी कोकणात शिकायला आली होती हे विसरतो.

हर्णैला नेस्बिट मराठी शिकले म्हणजे कशी, याचा विचार करावा. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये. त्याआधीची छापील साधने तुटपुंजी. भाषा शिकायची ती पंडिताच्या मुखातून, बाजारातून, शाळेच्या ओट्यावरून आणि पावसाळ्यात बंदर बंद असताना माणसे ओसरीवर बसून जे बोलतात त्यातून. नेस्बिट यांनी ती अशी आत्मसात केली की समकालीन मिशनऱ्यांत त्यांच्या तोडीचे मराठी बोलणारा कोणी नाही, अशी त्यांची ख्याती झाली. पडद्याआडून ऐकले तर बोलणारा साहेब आहे हे कळणार नाही, असे लोक म्हणत.

हे नुसते कौतुक नाही, त्यांच्या प्रभावाचे ते मर्म आहे. बोलणारा आपल्या उच्चारांत बोलू लागला की ऐकणाऱ्याच्या मनावरचा अडसर निघतो. इंग्रजांच्या तोफांपुढे मान तुकवणे वेगळे. आपल्याच भाषेत, आपल्याच म्हणींनी, हळू आवाजात कोणी विचारू लागला, ‘बाबा, हे खरे कशावरून?’ तर त्याला उत्तर द्यावे लागते. अठरा वर्षांच्या मुलाला ते उत्तर सापडले नाही की तो रात्रभर तळमळतो.

*

कोकणातून पुणे आणि पुण्याहून मुंबई असा नेस्बिट यांचा प्रवास झाला. १८३५ मध्ये ही सारी माणसे स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चकडे, म्हणजे जनरल असेंब्लीकडे, वर्ग झाली. विल्सन यांनी मुंबईत चालवलेली शाळा जनरल असेंब्लीची संस्था म्हणून वाढली. आजचे विल्सन कॉलेज हे तिचेच रूप. चौपाटीवरची तिची इमारत मात्र १८८९ ची, म्हणजे नेस्बिट यांनी कधी न पाहिलेली. विल्सन हे संस्थेचे जगासमोरचे तोंड होते. प्राच्यविद्येचे पंडित, शिलालेखांचे वाचक, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. नेस्बिट यांचे नाव अशा कुठल्या पाटीवर नाही. ते वर्गात शिकवत, आणि वर्ग सुटल्यावर जी दोन-चार मुले रेंगाळत, त्यांच्याबरोबर बसत. दोघे एकमेकांचे साडू. विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली होती. १८३५ मध्ये त्या वारल्या. शाळा पुढे चालवायला त्यांच्या दोघी बहिणी स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांतल्या हे बेन यांच्याशी नेस्बिट यांचा विवाह झाला.

त्याच मुंबईत बाळशास्त्री एल्फिन्स्टन संस्थेत शिकवत होते. तिथे गणित, ज्योतिष, इतिहास सारे शिकवत, पण धर्म वर्गाबाहेर ठेवत. सरकारचे धोरणच तसे होते. नेस्बिट यांच्या वर्गात बायबल पहिल्या तासाला. दोन्हीकडून मुले बाहेर पडत ती प्रश्न घेऊनच. बाळशास्त्रींच्या हाताखालून दादाभाई नवरोजींसारखी माणसे गेली. स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत जोतीराव फुले शिकले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, पण त्या शाळेतून ते जसे बाहेर पडले तसे तिच्यात शिरले नव्हते. या संस्थांची मोजदाद बाप्तिस्म्यांच्या आकड्याने करणाऱ्यांचे, मग ते मिशनचे अहवाल असोत की त्यांचे विरोधक, इथे सारखेच चुकते. शेकडो मुले आली, इंग्रजी शिकली, नोकऱ्यांना लागली. त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ख्रिस्ती झाली. उरलेल्यांना काय झाले हा मोठा इतिहास आहे, आणि नेस्बिट यांचे अर्धे चरित्र त्यातच आहे.

तरी जे बोटांवर मोजण्याइतके होते त्यांनी शहर हादरवले. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोघा पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेले. मुले जाणत्या वयाची आहेत, त्यांना हवे तिथे राहू द्या, असा निकाल झाला. पारशी समाजाने आपली मुले संस्थेतून काढून नेली, वर्ग ओस पडले. नेस्बिट आणि सहकाऱ्यांनी रिकाम्या बाकांपुढे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग १८४३ साल उजाडले. या पुस्तकाचा मधला आणि सर्वांत लांब भाग या एका वर्षाचा आहे.

विल्सन रजेवर मायदेशी निघाले होते. संस्था नेस्बिट आणि तरुण जॉन मरे मिचेल यांच्या खांद्यावर होती. मे महिन्यात तिकडे स्कॉटलंडमध्ये चर्च दुभंगले. वाद असा की मंडळीवर पाळक नेमायचा अधिकार कोणाचा? कायदा म्हणे, त्या जागेवर हक्क असलेल्या जमीनदाराचा. मंडळीला तो नको असला तरी. साडेचारशेहून अधिक पाळकांनी हे मान्य केले नाही. पगार, घरे, देवळे सोडून ते बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढले. बातमी समुद्र ओलांडून मुंबईला पोचली, तेव्हा नेस्बिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही तेच केले. संस्थेसाठी बांधली जात असलेली नवी इमारत त्यामुळे हातची गेली. ज्यांच्यावर पाळक लादायचा त्यांना आधी विचारले पाहिजे, एवढ्या एका तत्त्वासाठी त्यांनी हे नुकसान पत्करले.

त्यानंतर काही महिन्यांतच, सप्टेंबरात, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाला नेस्बिट यांनी बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही नेस्बिट यांच्या घरी राहत होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो त्यांच्यात राहिला होता, जेवला होता. बापाने सुप्रीम कोर्टात अर्ज केला. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला राणी विरुद्ध नेस्बिट या नावाने आहे.

मिशनचे म्हणणे होते, मुलगा समंजस आहे, त्याची समज पाहा. पेरी यांनी त्या चौकशीत शिरायचे नाकारले. मुलगा अल्पवयीन, ताबा बापाचा, इथे निकाल संपला.

आता आमच्या शाळेतल्या मुलीचा प्रश्न पुन्हा ऐका. कोणी विचारले का? कोर्टाने विचारले नाही, आणि तसे करण्याला कायद्याचे कारण होते. बारा वर्षांच्या मुलाची मर्जी प्रमाण धरली तर उद्या कोणीही कोणाचेही पोर फूस लावून नेईल. मी बाप आहे, मला हे पटते. नेस्बिट म्हणत होते, त्यालाच विचारा. ते वरवर किती रास्त! पण ज्याच्या घरी मुलगा राहतो, ज्याच्या ताटात जेवतो, ज्याच्या तोंडून तो जग शिकतो, त्याच्यासमोर त्याला विचारून काय उपयोग? शिक्षकाने आपल्या लाडक्या विद्यार्थ्याला विचारलेला प्रश्न कधीच मोकळा नसतो. उत्तर प्रश्नाच्या पोटातच असते. नेस्बिट खोटे बोलत नव्हते. आपल्या मायेचेही वजन पडते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

आणि बाळशास्त्री? मुलगा घरी आला तरी जातीबाहेरच होता. त्याला परत घेऊ नये, असे म्हणणारा पक्ष मोठा होता. बाळशास्त्रींनी शास्त्राचे आधार काढले. अल्पवयात, परक्या घरात घडलेल्या गोष्टीला प्रायश्चित्त आहे, ते घेऊन मुलगा शुद्ध होतो, असे त्यांचे म्हणणे. बहिष्काराची धमकी असताना, हाती ‘दर्पण’ही उरलेले नसताना (ते १८४० मध्येच बंद पडले होते) हे म्हणायला छाती लागते. पुढे तीन वर्षांनी, १८४६ च्या मेमध्ये, ते गेले. ऐन तारुण्यातच म्हणायचे. त्यांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. पण त्यांच्या करुणेची घडण नीट पाहिली पाहिजे. त्या मुलाला वाचवायचे तर त्याला काही कळत नव्हते असे ठरवणे भाग होते. त्याला काही हवे होते, त्याने काही निवडले होते, असे मानले तर प्रायश्चित्ताची वाटच बंद.

पाळकाने त्याची इच्छा खरी मानली, पण ती आपल्या छपराखाली वाढवली. न्यायाधीशाने ती मोजली नाही. शास्त्र्याने ती पुसून टाकली. तिघेही विद्वान, तिघेही आपापल्या परीने त्या मुलाच्या भल्यासाठी झटणारे, आणि पेरी यांनी तर पुढे शिक्षण मंडळाचे अध्यक्षपदही सांभाळले. आज जे कागद हाती येतात ते सारे मोठ्यांचे आहेत. निकालपत्र, मिशनची पत्रे, शास्त्रार्थाचे वाद. पोराचा आवाज त्यांत कुठे असेल तर मोठ्यांच्या वाक्यांच्या आतच.

*

हे वाचून कोणी म्हणेल, मग अशा माणसाचे चरित्र लिहायचे तरी कशाला? त्याला उत्तर नेस्बिट यांच्या विद्यार्थ्यांनी दिले आहे.

नारायण शेषाद्री पुढे फ्री चर्चचे पाळक झाले. निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, त्यांनी बेथेल ही वसाहत वसवली, ती मुख्यतः मांग समाजातल्या कुटुंबांसाठी. ज्याला जातीने बाहेर काढले, तो जातीने आधीच बाहेर ठेवलेल्यांत जाऊन राहिला. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेतही बोलले. धनजीभाई एडिंबरोला शिकून १८४६ मध्ये पाळक झाले. आणि बाबा पदमनजी! बेळगावचे, १८३१ चे. मुंबईत फ्री चर्चच्या संस्थेत शिकताना नेस्बिट यांच्या हाताखाली आले. एकीकडे जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत त्यांचे जाणे-येणे, दुसरीकडे नेस्बिट यांच्याशी बोलणी. या ओढाताणीतून १८५४ मध्ये बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी त्यांची ‘यमुनापर्यटन’ आली. विधवांची दुःखे सांगणारी ही कादंबरी मराठीतली पहिली मानतात. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र १८८८ चे, म्हणजे नेस्बिट यांच्या मृत्यूनंतर तेहेतीस वर्षांनी लिहिलेले, आणि गुरूची आठवण त्यात ताजी आहे. मराठी गद्याच्या इतिहासात कादंबरी आणि आत्मचरित्र या दोन्ही दारांशी नेस्बिट यांचा विद्यार्थी उभा दिसतो. स्वतः नेस्बिट यांचे नाव मात्र वाङ्मयाच्या इतिहासात तळटिपेपुरतेच येते.

स्वतःची कीर्ती विद्यार्थ्याच्या खाती जमा करणारे शिक्षक आपल्याला ठाऊक आहेत. खेड्यापाड्यांतून ते असतात. नेस्बिट त्या जातीचे होते. १८५५ च्या जुलैत मुंबईत पटकीची साथ होती. त्यात ते गेले. वय बावन्न. मरे मिचेल यांनी तीन वर्षांनी त्यांचे इंग्रजी चरित्र छापले. मित्राने मित्राचे लिहिलेले. त्यात भक्ती आहे तशी बारीक निरीक्षणेही आहेत. माझ्या पुस्तकाचा कणा तेच आहे, हे मोकळेपणाने सांगतो. फरक इतकाच की मिचेल ज्या खिडकीतून पाहत होते तिच्या समोरच्या घरात माझे पूर्वज राहत होते.

शेवटचा भाग मी नेस्बिट यांच्या पलीकडे नेला आहे, कारण विद्यार्थ्यांमधल्या या कामाला पुढे मराठी मुलखातूनच निराळे वळण मिळाले. कोल्हापुरात १८५२ पासून रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी शाळा चालवत होता. त्याची मिशन पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेली आणि घाट उतरून रत्नागिरी, वेंगुर्ल्यापर्यंत पसरली. वेंगुर्ल्याचा त्यांचा दवाखाना आमच्या आधीच्या पिढीला चांगला माहीत. वाइल्डरचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला, बालपणही त्याचे तिथेच गेले. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. तिथे त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी असा ध्यास घेतला की शंभर जणांनी परदेशी सेवेला जाण्याची शपथ घेतली. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली आणि हजारो तरुण जगभर गेले. रॉबर्ट स्वतः हिंदुस्थानात परतून पुण्यात विद्यार्थ्यांमध्ये वावरला. त्याचे बरेचसे आयुष्य विद्यार्थ्यांतच गेले. १९३८ मध्ये तो नॉर्वेत वारला.

नेस्बिट आणि रॉबर्ट वाइल्डर यांच्यामध्ये अर्धे शतक आहे, आणि एक मोठा फरक. माउंट हर्मनच्या मुलांनी निवड केली ती स्वतःच्या आयुष्याबद्दल, जाणत्या वयात, आपल्या बरोबरीच्यांच्या सोबतीत. सेंट अँड्र्यूजच्या सहा मित्रांनीही तेच केले होते. नेस्बिट यांनी स्वतःसाठी जे स्वातंत्र्य घेतले, ते श्रीपतपर्यंत पोचता पोचता आकुंचन पावले. त्यांच्या चरित्रातली ही दुखरी जागा मी झाकलेली नाही. दुखरी जागा आहे म्हणून माणूस टाकूनही दिलेला नाही.

*

एक गोष्ट स्वतःची. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका तांडेलाचा मुलगा होता. गणितात विलक्षण. त्याचा जीव रापणीत आणि होडीत. मी त्याच्या बापाच्या पाठीस लागलो, वसतिगृहात सोय लावली, पोराला घाटावर धाडले. तो चांगल्या नोकरीला लागला आणि निवृत्त होऊन परत आला. आता रोज संध्याकाळी बंदरावर बसतो. ट्रॉलर आत येताना पाहतो. भेटला की वाकून नमस्कार करतो, तक्रार काहीच नाही. नेस्बिट वाचायला घेईपर्यंत मला आठवलेही नव्हते की त्याला आपण विचारले नव्हते. मी त्याच्या बापाला विचारले होते. पेरीसाहेबांनीही तेच केले.

शिक्षकांनी हे पुस्तक वाचावे असे मला म्हणूनच वाटते. धर्मांतराच्या वादासाठी ते कोणी उघडले तर त्याच्या हाती दोन्ही बाजूंची थोडी-थोडी दारू लागेल आणि तो निराश होईल. पण ज्याने कधी एखाद्या हुशार पोरात जीव गुंतवला आहे, त्याच्यासाठी आपले घर उघडले आहे, त्याने कसे व्हावे याचे चित्र मनात रंगवले आहे, त्याला नेस्बिट ओळखीचे वाटतील. ते वाईट शिक्षक असते तर हा पेच उद्भवलाच नसता.

शब्दांबद्दल थोडे. पाळक, मंडळी, वडील, बाप्तिस्मा, उपासना हे मराठी ख्रिस्ती बांधवांचे रोजचे शब्द मी तसेच ठेवले आहेत. त्यांना संस्कृत प्रतिशब्दांची झूल घातलेली नाही. ज्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी जुनी पुस्तके विश्वासाने माझ्या हाती दिली, घरच्या आठवणी सांगितल्या आणि माझ्या चुका न रागावता सुधारल्या, त्यांचे ऋण मोठे आहे. पोंभुर्ल्यातल्या आणि देवगडातल्या मित्रांनी ‘बाळशास्त्रींचे सोडून साहेबाचे काय घेऊन बसलात’ असे चिडवत का होईना, साथ दिली. त्यांना एवढेच सांगतो की शास्त्र्यांचा मोठेपणा या पुस्तकात कमी झालेला नाही. त्यांच्यासमोर उभा असलेला माणूस तेवढा पूर्ण उंचीचा झाला आहे.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता कणकवलीला कॉलेजात आहे. मुद्रिते तिनेच तपासली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि समासात दोन ठिकाणी प्रश्नचिन्हे काढली. पहिल्याच्या जागी मी मजकूर बदलला. दुसरे मी बाळशास्त्रींच्या करुणेबद्दल जे लिहिले आहे तिथे होते. आम्ही त्यावर एक अख्खी दुपार वाद घातला. तिचे म्हणणे मला पटले नाही, माझे तिला. मजकूर माझा म्हणून तो तसाच राहिला आहे, पण तिची हरकत तिच्याच शब्दांत त्या पानाखाली छापायची का, हे या वेळी मी तिला आधी विचारले. ती म्हणाली, “नको सर, मी माझा वेगळा लेख लिहीन.”

देवगड,
नारळी पौर्णिमा
— लेखक